शांतिसेनेची माघार : श्रीलंकेतून निघताना आपण मागे काय ठेवले?

माणगंगा

२४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीच्या बंदरात भारतीय शांतिसेनेचे शेवटचे सैनिक जहाजावर चढले आणि जुलै १९८७ च्या अखेरीस सुरू झालेली ती मोहीम जवळपास ३२ महिन्यांनी संपली. माझे वडील त्या मोहिमेत लष्करी ट्रकचे चालक होते. माण तालुक्यातल्या आमच्या घरी त्यांची काळी पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव, क्रमांक आणि त्याखाली ‘५६ एपीओ’ अशी लष्करी टपालाच्या पत्त्याची अक्षरे आहेत, आणि आत अंतर्देशीय पत्रांचा नाडीने बांधलेला गठ्ठा आहे. त्या पत्रांत ठिकाणाचे नाव कुठेही नाही, कारण ते लिहिण्याची मुभा नव्हती. पहिल्या वर्षीच्या पत्रांत नारळ, ताडाची झाडे आणि तिथला पाऊस आहे. १९८९ च्या पत्रांत मात्र एकच गोष्ट फिरून फिरून येते : इथले लोक आम्हाला विचारतात की तुम्ही जाणार कधी, आणि त्यांच्यातलेच काही जण आवाज खाली आणून विचारतात की तुम्ही गेल्यावर आमचे काय.

हा धागा त्या दुसऱ्या प्रश्नासाठी काढला आहे. सैन्य पाठवायला हवे होते की नको, यावर बरेच बोलले गेले आहे आणि तो वाद इथेही येणारच. पण माघारीच्या बाजूने पाहिले म्हणजे त्या वादाचे स्वरूप बदलते, असे मला वाटते.

ज्यांना तो काळ आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुलै १९८३ मध्ये स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या लिट्टे या संघटनेने उत्तरेतल्या जाफन्यात लष्कराच्या १३ जवानांना मारले आणि त्यानंतर कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळ वस्त्यांवर हल्ले होऊन शेकडो माणसे मारली गेली. त्याच सुमारास भारताने तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रे द्यायला सुरुवात केली. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पावर मोठी चढाई केली. भारताने धान्याच्या बोटी पाठवल्या, त्या समुद्रात अडवल्या गेल्या, आणि ४ जून रोजी आपल्या एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर सुमारे २५ टन सामग्री टाकली. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आपले सैन्य जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरू लागले. लिट्टेची शस्त्रे जमा करून घ्यायची आणि तमिळ भागाला स्वायत्तता मिळेपर्यंत दोन्ही पक्षांच्या मध्ये उभे राहायचे, एवढेच काम ठरले होते. १० ऑक्टोबर १९८७ पासून तेच सैन्य लिट्टेशी लढू लागले.

माझे मत असे आहे की माघार घेणे योग्यच होते. किंबहुना तिला उशीर झाला. पण ती ज्या रीतीने घेतली गेली ती रीत योग्य नव्हती, कारण आपल्या भरवशावर जे लोक उभे राहिले होते, त्यांचे पुढे काय होणार याची व्यवस्था न करता आपण निघालो. आपण सर्वांनी आपापले म्हणणे सविस्तर मांडावे, ही विनंती.

दीपगृह

माणगंगाताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी आपल्या पहिल्याच विधानाशी असहमत आहे. माघार हीच मोठी चूक होती, असे माझे मत आहे.

या मोहिमेकडे भावनेच्या चष्म्यातून पाहिले की तिच्यामागचा समुद्र दिसत नाही. कराराबरोबर जी पत्रे दोन्ही नेत्यांनी एकमेकांना दिली, त्यांत त्रिंकोमाली किंवा श्रीलंकेचे दुसरे कोणतेही बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी कोणत्याही देशाला देऊ नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ब्रिटिशांनी तिथे बांधलेल्या तेलाच्या टाक्यांची दुरुस्ती आणि वापर भारत आणि श्रीलंकेने मिळून करावा, हेही त्याच पत्रांत आहे. त्रिंकोमाली हे या महासागरातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक आहे, आणि ते शीतयुद्धाच्या काळात कोणाच्या हाती पडते हा आपल्यासाठी किरकोळ प्रश्न नव्हता. शिवाय एक लाखाहून अधिक निर्वासित तमिळनाडूत येऊन राहिले होते. घराच्या कुंपणाला आग लागली असताना दार लावून बसणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते.

आता माघारीबद्दल. १९८९ च्या मध्यापर्यंत लिट्टेला जाफना आणि पूर्वेच्या शहरांतून हुसकावून वन्नीच्या जंगलात ढकलण्यात आपल्या सैन्याला यश आले होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली आणि वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. त्यानंतर डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये संसदेची निवडणूकही आपल्या बंदोबस्तात त्या भागात पार पडली. जे काम आटोक्यात येत होते ते अर्धवट सोडून, कोलंबोतले आणि दिल्लीतले सरकार बदलले म्हणून चार डिव्हिजन परत आणणे, हे अकराशेहून अधिक मृत जवानांच्या बलिदानाशी सुसंगत होते का? आणखी वर्षभर सैन्य राहिले असते तर पुढची १९ वर्षे त्या बेटाने जे भोगले त्यातले बरेच टळले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नोंदवही

दीपगृह यांनी कराराच्या पत्रांचा उल्लेख केला, म्हणून कराराच्या मजकुराबद्दलच लिहितो.

श्रीलंका सरकारने विनंती केल्यास भारत लष्करी साहाय्य देईल, असे कराराचे कलम २.१६ सांगते, आणि शांतिसेना बोलावण्याचा अधिकार तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विवेकावर सोपवलेला आहे. म्हणजे आपले सैन्य त्या भूमीवर पाहुणे म्हणून होते आणि यजमानाचे बोलावणे एवढाच त्याच्या तिथे असण्याचा आधार होता. १ जून १९८९ रोजी राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीरपणे सांगितले की जुलैअखेर शांतिसेनेने देश सोडावा. त्या दिवशी तो आधार सरकला. राजीव गांधी सरकारचे उत्तर असे होते की सैन्य आले ते कराराच्या अंमलबजावणीसाठी, म्हणून सत्तेचे विकेंद्रीकरण आणि सैन्याची माघार या दोन गोष्टी हातात हात घालूनच होतील. या युक्तिवादात राजकीय वजन होते, हे मी नाकारत नाही. पण यजमान जा म्हणत असताना ‘माझे काम झाले की जातो’ म्हणणाऱ्या सैन्याला जगात कोठेही शांतिसेना म्हणत नाहीत.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. प्रेमदासा १९८९ च्या वसंतापासून लिट्टेशी बोलणी करत होते, आणि शांतिसेनेविरुद्ध लढण्यासाठी त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रे पुरवली, हे नंतर उघड झाले. म्हणजे ज्या सरकारच्या विनंतीवरून आपले जवान तिथे होते, त्याच सरकारच्या गोळ्या त्यांच्यावर झाडल्या जात होत्या. आणखी एक वर्ष थांबायला हवे होते असे म्हणणाऱ्यांनी ते वर्ष कोणाविरुद्ध लढायचे होते, हे सांगावे. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना हा सिंहली गट भारतीय सैन्याच्या उपस्थितीचे निमित्त करूनच रक्तरंजित उठाव करत होता. आपण उत्तरेत जितके दिवस राहत होतो तितके दिवस दक्षिणेतल्या त्या आगीला सरपण मिळत होते.

जुलैअखेर एक लहान तुकडी परत आली, १८ सप्टेंबर १९८९ रोजी माघारीच्या वेळापत्रकाचा करार झाला, आणि डिसेंबरमध्ये विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाल्यावर माघारीला वेग आला. निर्णय मुळात राजीव गांधींच्याच काळात झाला होता, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत नेहमी गाळली जाते.

कावेरीकाठ

मी चेन्नईत राहते. आमचे घराणे व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरकडचे, त्यामुळे माझी मराठी आपल्या मराठीपेक्षा वेगळी वाटल्यास सांभाळून घ्यावे. घरात मराठी आणि दारात तमिळ, अशा दोन भाषांतून मी हे सारे ऐकत वाढले, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

जाफन्याचे लोक आपल्या सैन्याला ‘अमैदिप् पडै’ म्हणत, अर्थ शांतिसेनाच. पहिल्या दिवसांत त्यांनी हारतुरे घेऊन गाड्या अडवल्या, मुले रणगाड्यांवर चढली. हे स्वागत खोटे नव्हते. त्यानंतर दोनच महिन्यांत ते सारे विटले. सप्टेंबरमध्ये नल्लूरच्या कंदस्वामी देवळापाशी थिलीपन या लिट्टेच्या तरुणाने अन्नपाणी सोडून प्राण सोडला, आणि भारताने त्याला मरू दिले अशी भावना घराघरांत बसली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या लोकांना कोलंबोला नेण्याचे ठरले, आपले सैन्य पलालीत हजर असताना, तेव्हा त्यांनी सायनाइड घेतले आणि १२ जण मेले. मग युद्ध पेटले.

२१ ऑक्टोबर १९८७ ला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात आपले सैन्य शिरले आणि रुग्ण, परिचारिका, डॉक्टर मिळून साठाहून अधिक माणसे मारली गेली. आपल्या बाजूने ती चकमक असल्याचे सांगितले गेले. वाचलेल्या लोकांनी वेगळेच सांगितले. २ ऑगस्ट १९८९ रोजी वल्वेट्टितुरैत आपल्या गस्ती पथकावर हल्ला होऊन जवान मारले गेले, आणि त्यानंतर गावातली पन्नासाहून अधिक नागरिक माणसे मारली गेली. माघारीची चर्चा सुरू असताना घडलेली ही घटना आहे. दीपगृह यांनी आणखी एक वर्ष मागितले आहे. त्या वर्षात आणखी किती वल्वेट्टितुरै झाली असती, हे मी त्यांना नम्रपणे विचारते.

मद्रासच्या बंदरात सैनिक उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. उत्तरेकडच्या आणि महाराष्ट्रातल्या माझ्या नातेवाइकांना याचा आजही राग आहे. मला त्या उतरणाऱ्या पोरांबद्दल वाईट वाटते, कारण त्यांनी तो हुकूम काढला नव्हता. पण आपल्या भाषेच्या माणसांवर गोळी चालली असे ज्या समाजाला वाटत होते, त्या समाजाचा नेता हार घेऊन उभा राहू शकत नव्हता, हेही समजून घ्यावे.

जुना शिपाई

मी पायदळात होतो. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या गल्ल्यांत होतो आणि १९९० च्या सुरुवातीला पूर्वेकडून परतलो. टंकलेखन नातू करतो आहे, वाक्ये माझी आहेत.

दीपगृह आणि नोंदवही हे दोघेही अभ्यासू आहेत, पण दोघांच्याही लिखाणात आम्ही नकाशावरच्या टाचणीसारखे आहोत. आम्हाला निघताना सांगितले होते की हत्यारे जमा करून घ्यायची आहेत आणि दोघांच्या मध्ये उभे राहायचे आहे. आमच्याकडचे नकाशे जुने होते. आमच्या हातात एकेक गोळी झाडणारी एसएलआर रायफल, त्यांच्या हातात एके-४७. जाफन्यात दर घराला ताडाच्या झावळ्यांचे उंच कुंपण असते. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंना फक्त झावळ्या दिसतात, आणि गोळी कुठल्या झावळीमागून आली हे कळायच्या आत पुढचा माणूस पडलेला असतो. १२ ऑक्टोबरच्या पहाटे विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरले आणि त्यांतले २९ मेले, एक पकडला गेला. लिट्टेचे लोक आमचे बिनतारी बोलणे आधीच ऐकत होते. ज्यांना आपल्याच देशात शिकवून तयार केले होते, त्यांच्याशी ही लढाई होती. आमच्यातल्या काहींना हे माहीत होते आणि त्यांना ते फार लागले.

२५ नोव्हेंबरच्या रात्री ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मारले गेले. मुंबईत जन्मलेला, मुंबईत शिकलेला अधिकारी. छातीत गोळी लागल्यावर त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली आणि त्याला मारले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या रेजिमेंटमध्ये आपल्याकडची किती पोरे होती ते सांगायला नको. मुंबईत आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे, ते आपणच विचारून पाहावे.

कावेरीकाठताईंनी रुग्णालयाबद्दल लिहिले. मी तिथे नव्हतो. पण शेजारचा मेल्यावर माणसाच्या हाताला काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून मी त्यांना खोटे म्हणणार नाही. माझ्या काही सोबत्यांना हे वाचून राग येईल, त्याला माझा इलाज नाही.

आता माघारीचे सांगतो. आमची तुकडी पूर्वेला एका शाळेत राहत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्ग झाडून काढले, खिडक्यांना लावलेली वाळूची पोती काढली, भिंतींवर पडलेली छिद्रे चुन्याने बुजवली आणि मुख्याध्यापकांना किल्ल्या दिल्या. त्यांनी किल्ल्या मोजून घेतल्या, सही केली, चहा दिला. फाटकाबाहेर तमिळ नॅशनल आर्मीची आठ-दहा पोरे नव्या रायफली घेऊन उभी होती. ती जागा आता त्यांनी सांभाळायची होती. त्यांतला एक सारखा काडतुसे मोजत होता. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्याचे वय सतराच्या वर नसावे. त्याला बसमधून उतरवून भरती केले होते, असे त्याने आमच्या दुभाष्याला सांगितले. आमच्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग आम्ही गाड्यांत बसलो.

माघार बरोबर की चूक, हे ठरवणारा मी कोण. पण त्या पोराकडे पाठ करून गाडीत बसताना मी खाली पाहिले होते.

दीपगृह

काका, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. भावनेच्या चष्म्याबद्दल मी जे लिहिले ते मागे घेतो.

तमिळ नॅशनल आर्मीबद्दल मी मुद्दामच लिहिले नव्हते, कारण माझ्या बाजूचा तो सर्वांत कमजोर दुवा आहे. पेरुमाळ सरकारला आपल्यामागे टिकायचे तर स्वतःचे बळ हवे, म्हणून १९८९ मध्ये घाईने ही फौज उभी केली गेली. ईपीआरएलएफ ही पेरुमाळांची संघटना आणि तिच्या सोबतच्या गटांनी शाळेतून, रस्त्यातून, घरांतून मुले उचलली, त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले आणि शस्त्रे आपण पुरवली. १९८९ च्या अखेरीस अंपाराई जिल्ह्यातून आपले सैन्य हलताच लिट्टेने या मुलांच्या छावण्या एकामागून एक घेतल्या. कित्येक मुले मारली गेली, कित्येक शस्त्रे टाकून पळाली, आणि आपण दिलेली ती शस्त्रे लिट्टेच्या हाती गेली. १ मार्च १९९० रोजी पेरुमाळांनी स्वतंत्र ईळमची, म्हणजे तमिळ राज्याची, घोषणा करून पाहिली आणि काही दिवसांत त्यांना भारतात यावे लागले.

तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. ही मुले मेली ती आपण निघालो म्हणून. राहिलो असतो तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती.

नोंदवही

त्या मुलांना पकडून उभे केले ते आपल्याला निघायचे होते म्हणूनच. त्यामुळे राहणे आणि निघणे यांतली निवड त्यांच्यासाठी कधी नव्हतीच. प्रश्न असा आहे की निघायचे ठरल्यावर आपल्या हातात काय काय होते.

त्याच काळातले एक उदाहरण तुलनेला घेण्यासारखे आहे. सोव्हिएत सैन्याने १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तान सोडले, म्हणजे आपल्या माघारीच्या १३ महिने आधी. नजीबुल्लांचे सरकार काही आठवड्यांत कोसळेल असे जगभर म्हटले जात होते; ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकले, कारण सैन्य गेल्यावरही धान्य, इंधन, पैसा आणि शस्त्रे मॉस्कोहून येत राहिली, आणि ती थांबल्यावर ते पडले. ते सरकार चांगले होते असे मी म्हणत नाही. पण मागे राहणाऱ्याला नुसती बंदूक पुरत नाही, रसद लागते आणि ज्याच्याशी बोलता येईल असा शेजारी लागतो. पेरुमाळांकडे यांतले काही नव्हते. कोलंबोचे सरकार त्यांच्या विरोधात, लिट्टे त्यांच्या विरोधात, आणि ज्या लोकांची मुले पळवून भरती केली ते लोकही त्यांच्या विरोधात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावरची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. अमेरिकी सैन्यासोबत काम केलेल्या दुभाष्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना बाहेर काढण्याची धडपड तिथे निदान शेवटच्या दिवसांत झाली, आणि तीही किती अपुरी पडली. आपण त्या सतरा वर्षांच्या मुलांसाठी जहाजात जागा ठेवली नव्हती. ईपीआरएलएफचे नेते आणि त्यांच्यासोबतचे काही लोक भारतात आणले गेले. सक्तीने पकडलेला मुलगा त्या यादीत नव्हता.

आपण अजून एक वर्ष राहिलो असतो तर पुढचे युद्ध टळले असते, हेही मला पटत नाही. जून १९९० मध्ये, म्हणजे आपण निघाल्यावर तीन महिन्यांत, लिट्टेने पूर्वेत शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारले. ज्या प्रेमदासांनी त्यांना शस्त्रे दिली होती त्यांच्याच सरकारचे हे पोलिस होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची आणि १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासांची हत्या झाली. करारावर सही करणारा आणि करार मोडायला निघालेला, दोघांनाही लिट्टेने संपवले. लिट्टेला कोणताच तोडगा नको होता, आणि हे आधी दिल्लीने, मग कोलंबोने मानायचे नाकारले. सैन्याच्या मुक्कामाच्या लांबीने हे बदलले नसते.

कावेरीकाठ

नोंदवही यांच्या शेवटच्या मुद्द्यात एक भर घालते. कराराचे सारेच वाया गेले असे इथे कोणी मानू नये. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेच्या राज्यघटनेत केलेली, प्रांतांना अधिकार देणारी तेरावी दुरुस्ती त्या करारातून आली, तमिळला राजभाषेचा दर्जा मिळण्याची वाटही तिथूनच गेली, आणि आज इतक्या वर्षांनी जाफन्याचे तमिळ पक्ष कोलंबोकडे मागतात ते त्या दुरुस्तीची पुरी अंमलबजावणीच. उत्तर आणि पूर्व प्रांताचे एकत्रीकरण २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, प्रांतिक परिषदांच्या निवडणुकाही वर्षानुवर्षे रखडल्या, हे खरे आहे. पण कागद टिकला. सैन्याने जे केले त्यातले काही टिकले नाही. मला हे विचार करण्यासारखे वाटते : जयवर्धने यांच्याकडून जे मिळवायचे होते ते सही होईपर्यंत मिळालेच होते, आणि त्यापुढे लिट्टेची हत्यारे काढून घेण्याची हमी भारताने स्वतःच्या अंगावर घेतली. दुसऱ्याच्या घरातल्या दोन भावांच्या वतीने शब्द देणारा मनुष्य शेवटी दोघांचाही शत्रू होतो.

काका, आपण लिहिलेत म्हणून आभार. माझ्या आईने आपला प्रतिसाद तमिळमध्ये ऐकवायला सांगितला आणि मी तो ऐकवला.

माणगंगा

सर्वांचे मनापासून आभार. कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपासून फार दूर नसलेल्या जागी, शांतिसेनेतल्या मृत जवानांचे स्मारक आहे आणि त्यावर सर्वांची नावे कोरलेली आहेत. २०१५ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. ज्या देशाने जा म्हटले त्याच देशाने आपल्या भूमीवर हे स्मारक उभे राहू दिले, आणि दिल्लीत या नावांना दगडावर जागा मिळायला २०१९ उजाडले, ही गोष्ट मला समजावून घेता आलेली नाही.

नोंदवही यांच्या मांडणीने माझे मत अधिक पक्के झाले, तरी दीपगृह यांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. निघण्याचा निर्णय योग्य असला तरी त्याची किंमत ज्यांनी दिली ते निर्णयात नव्हते, आणि ‘आपण गेलो म्हणून ती मुले मेली’ हे वाक्य माझ्या बाजूच्या माणसाने स्वतःहून म्हणायला हवे होते. मी ते पहिल्या लेखनात ‘व्यवस्था न करता’ अशा मवाळ शब्दांत लिहिले होते.

काल रात्री वडिलांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते ऐंशीला टेकले आहेत आणि त्या वर्षांबद्दल सहसा बोलत नाहीत. काकांच्या शाळेच्या किल्ल्यांपाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग परत वाचायला लावला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी पत्रांत कुठेही नाही. सुरुंगाच्या भीतीने त्यांच्या ट्रकच्या तळाला आणि पायांखाली वाळूची पोती रचलेली असत. सकाळी रस्ता तपासणारी पायी तुकडी पुढे जाई आणि मागून ट्रक निघत, तरीही पोत्यांवरून पाय हलवायचा नाही अशी सवय लागली होती. शेवटच्या फेरीत, बंदराकडे वळण्याआधीच्या नाक्यावर तमिळ नॅशनल आर्मीच्या मुलांनी ट्रक थांबवला. वडिलांना वाटले, झडती असेल. मुलांनी खुणेने पोत्यांकडे बोट दाखवले. वडिलांनी आणि त्यांच्या जोडीदाराने ती सगळी पोती एकेक करून खाली दिली, आणि मुलांनी ती तिथेच नाक्यावर, रस्त्याच्या कडेला, एकावर एक रचायला घेतली.